मुठीचे गाडगे

लोणावळे,
ता. ३ मार्च १९२७

प्रिय आत्यास दीनाचा सप्रेम सलाम.

तुझ्या पत्राचे उत्तर लांबले, त्याचे कारण काम. डॉक्टरीणबाई खेड्यांच्या फेरीवर गेल्या की मिशनच्या दवाखान्यात औषधे बनवणे, बाटल्या भरणे आणि रोग्यांना कसे घ्यायचे ते समजावणे, हे सगळे माझ्याकडे येते. औषधे बनवणे मला जमते. समजावणे तितके जमत नाही.

खोली कशी आहे, असे तू विचारलेस. कोरडी आहे. मंडळी कशी आहे, असेही विचारलेस. चांगली आहे. बहुतेक लोक रेल्वेत कामाला आहेत. रविवारी उपासनेला मी मागच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद झाला की निघते.

काल ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू झाला. येथे एक रीत आहे, ती उर्सेला नव्हती, म्हणून लिहिते. प्रत्येक घराला एक गाडगे देतात. चूल पेटवली की शिजवण्याआधी एक मूठ तांदूळ त्यात टाकायचा. जितक्या वेळा चूल, तितक्या मुठी. ईस्टरच्या दिवशी सगळे तांदूळ एकत्र करतात आणि उपासना झाल्यावर सारी मंडळी ते डोक्यावर घेऊन, गात गात, एका अडचणीतल्या घराकडे जाते. ते घर पाळकसाहेब आणि धोंडाबाई ठरवतात, आणि त्या घराला आधी कळू देत नाहीत. धोंडाबाई ही एका रेल्वे पॉइंट्समनची विधवा. गाडगी वाटणे आणि घरोघर जाऊन ती पाहणे हे काम तिने स्वतःकडे घेतले आहे. माझे गाडगे देताना म्हणाली, "कंपाउंडरीणबाई, मूठ म्हंजी मूठ. तुमचा दवाखान्याचा तराजू हितं लावू नका." लोक हसले. मी हसले की नाही ते आठवत नाही.

आणखी एक गोष्ट. ती तुझ्यापुरती ठेव. या उपवासकाळात मी संध्याकाळचे जेवण सोडले आहे. दुपारी एकदा जेवते. उपास लोकांना दिसू देऊ नये, तोंड धुवावे, केसांना तेल लावावे, ही प्रभूची आज्ञा तूच मला शिकवलीस. तेव्हा कोणाला सांगणार नाही असा शब्द दे.

तुझे गुडघे कसे आहेत? पाठवलेले तेल चोळतेस की फळीवर ठेवून दिले आहेस?

दीना

*

उर्से,
ता. ९ मार्च १९२७

माज्या दीनास आत्या रतनबाईचा लय लय सलाम.

पत्र पावलं. दोनदा वाचलं. तेल चोळते. म्हशीच्या पायाला बी थोडं लावलं, तिचा बी पाय धरलाय, तू रागावू नगंस. मला न्हाई पर तिला गुन आला.

शब्द दिला. कुनाला सांगनार न्हाई. पर पोरी, मी तुला लहानाची मोठी केली, मला इचारल्याबिगर ऱ्हावत न्हाई. तुझा बाप गेल्यावर तू हितं म्हयनाभर हुतीस, तवा बी सांजचं ताट फुडं ठेवून बसायचीस. तवा उपासकाळ नव्हता. आता आला म्हून इचारते, बाकी काय न्हाई.

उपास कर. देवासाटी केलेलं वाया जात न्हाई. पर सांजच्याला दार लावून बसू नगंस. मंडळीत कुनाशी बोलतीस का न्हाई? तुझ्या पत्रात खोली कोरडी हाय यवढंच कळलं. मला मानसांचं कळव.

ती धोंडाबाई मला ठाव हाय. तळेगावच्या सभेत येती. तोंडाची फटकळ, पर चालंल.

तुझी आत्या

*

लोणावळे,
ता. २० मार्च १९२७

प्रिय आत्यास सलाम.

माणसांचे कळव म्हणालीस, म्हणून कळवते.

माझ्या खोलीच्या भिंतीला लागून युनूसभाई पाववाल्यांचे घर आहे. सध्या त्यांचे रोजे चालू आहेत. दिवसभर ते घर शांत असते. दिवस मावळायला आला की भांड्यांचा आवाज सुरू होतो, मग मुलांची खजुरावरून भांडणे, मग एकदम सगळे गप्प होतात, आणि अजान झाली की एकाच वेळी सगळे बोलू लागतात. त्या वेळी मी वाचत असते. भिंत पातळ आहे.

परवा युनूसभाईंच्या बायकोने, रशिदाने, परसातून हाक मारली. "बाई, या की हितं. गरम भजी हायेत. एकट्या काय करताय आत?"

मी म्हणाले, डोके दुखते आहे.

"मग तर याच. आमच्यात रोजा एकट्यानं सोडला तर घास उतरत न्हाई बघा. तुमी नुसत्या बसा, खाऊ नका."

मी गेले नाही. डोके दुखत नव्हते. उपास लपवण्यासाठी खोटे बोलावे की नाही, याबद्दल आज्ञेत काही सांगितलेले नाही.

धोंडाबाई दर आठवड्याला गाडगे पाहायला येते, तीही नेमकी संध्याकाळी. मी तिला दारातच उभी राहून गाडगे दाखवते. या वेळी तिने हात घालून पाहिले. "हे काय? लोकांची गाडगी गळ्याला आली. तुजं अर्धंच?"

मी म्हणाले, "जितक्या वेळा चूल पेटते तितक्याच मुठी आहेत." हे खरे होते. न पेटवलेल्या चुलीची मूठ टाकली असती तर गाडगे खोटे झाले असते.

तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिले. चूल सारवलेली आणि थंड होती. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि गेली. मी देवाच्या कामात हात आखडता घेते असा तिचा समज झालेला दिसतो. होवो. तो समज दूर करायचा तर उपास सांगावा लागेल.

तुझ्या विचारण्याचे उत्तर: वडील गेले तेव्हा मी जेवत नव्हते, कारण भूक नव्हती. आताचे वेगळे आहे.

म्हशीला माझे तेल लावू नकोस. तिच्यासाठी वेगळे पाठवते.

दीना

*

उर्से,
ता. ७ एप्रिल १९२७

दीनास आत्याचा सलाम.

पत्राला उशीर झाला. काय लिवावं ते कळंना म्हून झाला.

परवा तळेगावात बायकांची उपासकाळाची प्रार्थना हुती. मी बैलगाडीनं गेलते. धोंडाबाई आली आन माज्या मांडीला मांडी लावून बसली. तिथले पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करत हुते, आन ही माज्या कानात, "रतनबाई, तुमची पोर उपाशी हाय."

मी म्हनले, "कोन सांगतं?"

"गाडगं सांगतं. निम्मं हाय. एकाच वक्ताची चूल. शेजारची मुसलमानाची बाई म्हनती, भजी बी घेत न्हाई, लाजती. तोंड बघा तिचं, हाडं वर आलीत. पगार समदा तुमाला धाडती का काय? का कुनाचं देनं हाय?"

अगं दीना, मला धरतीनं पोटात घ्यावं असं झालं. समद्या बायका आमच्याकडं बघाय लागल्या. माज्या भाचीचा पगार मी खाते असं म्हनाली ती. आन मी तुला शब्द दिलता म्हून जीभ चावून गप बसले. लई अवघड गेलं.

आन जाताना म्हनाली, "काळजी करू नका. औंदाची मूठ तिच्याच दारात येनार. पाळकसाहेबांना सांगून झालं. समद्या मंडळीला पसंत हाय."

तुला ईस्टरला एकदम कळाया नको म्हून आधी लिवते. आता तू सांग. मी धोंडाबाईला खरं काय ते कळवू का? तू व्हय म्हन, मी आजच लिवते.

तुझी आत्या

*

लोणावळे,
ता. ९ एप्रिल १९२७

आत्यास सलाम.

नाही. उपासाचे कोणाला कळवू नकोस.

परंतु ती मूठ माझ्या दारात येता कामा नये. हे मी रागाने लिहीत नाही. नीट विचार करून लिहिते.

तुला आठवत असेल किंवा नसेल. मी तळेगावच्या शाळेत होते तेव्हा झुंबर नावाची एक मुलगी माझ्या शेजारी बसत असे. तिच्या आईने एकदा तिची जागा बदलायला सांगितली. गुरुजींनी कारण विचारले तेव्हा ती बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "दाण्यावर बाटलेल्यांची पोर ती." मी घरी येऊन वडिलांना अर्थ विचारला. त्यांनी सांगितले, मोठ्या दुष्काळात तू आणि ते आईबापांवेगळे झालात, मिशनच्या अनाथाश्रमात तुम्हाला धान्य मिळाले, आणि तुम्ही जगलात. मग म्हणाले, "आपण पुन्हा कोणाचा दाणा घ्यायचा नाही. म्हणजे कोणाला बोलायला जागा राहणार नाही." मी तो नियम पाळला आहे. मिरजेला शिकत असताना गणपतीचा मोदकसुद्धा कोणाकडून घेतला नाही.

आता माझ्या दारात सगळी मंडळी डोक्यावर तांदूळ घेऊन गात येणार, आणि मी ते पदरात घेणार. शेजारी पाहणार. दवाखान्यातले रोगी पाहणार. मी ज्यांना औषध देते, ते मला दाणे देणार.

उपास जाहीर केला तर हे थांबेल, हे मलाही कळते. पण मग तो उपास राहत नाही, मिरवणूक होते. शिवाय माझ्याबद्दल मंडळीत जे आदराने बोलले जाईल ते मला नको आहे. त्याला माझ्याजवळ आधार नाही. याहून जास्त लिहीत नाही.

म्हणून तू एवढेच कर. पाळकसाहेबांना एक पत्र लिही, की दीनाला पुरेसा पगार आहे, ती घरी काही पाठवत नाही, तिला कशाची गरज नाही. घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या तुझ्यासारख्या जुन्या बायबलबाईचे म्हणणे ते मोडणार नाहीत. उद्या झावळ्यांचा रविवार आहे, ईस्टरला आठच दिवस राहिले. वेळ थोडा आहे.

दीना

*

उर्से,
ता. १२ एप्रिल १९२७

दीनास आत्याचा सलाम.

मी पाळकसाहेबांना काय बी लिवनार न्हाई. तुला गरज न्हाई असं मी लिवायचं, ते मला जमायचं न्हाई. लबाडी हुईल.

तू तुझ्या बापाचा नियम लिवलास. आता त्या नियमाचं मी सांगते. शांतवननं कुनाचा दाना घेतला न्हाई, खरं हाय. कुनाचं ताक बी घेतलं न्हाई. शेजारचे भिमाजी पाटील दर दिवाळीला फराळ धाडायचे, ह्यो परत धाडायचा. पाच-सात वरसं धाडला त्यांनी. मग बंद केला. त्यांचं बी काय चुकलं? ज्याच्याकडनं कुनी काय घेत न्हाई त्याच्या घरी कुनी जात न्हाई, मग त्याला कुनी बोलवत बी न्हाई.

तू मिरजेहून आलीस तवा माती देऊन झालती. तुला कुनी सांगितलं न्हाई. खांदा द्यायला मानसं न्हवती. गावातलं लोक दारात उभं हुतं, वाईट वाटत हुतं त्यांना, पर फुडं येऊ का नको असं करत हुतं. शांतवनमास्तरला चालंल का न्हाई, ह्येच त्यांना ठाव न्हवतं. मरून पडलेल्या मानसाला इचारतं कोन? शेवटाला मीच भिमाजी पाटलांच्या दारात गेले आन म्हनले, आबा, माझा भाऊ उचला. ते अनवानी आले. रडत आले.

ह्ये तुला सांगनार न्हवते. पर तू नियम लिवलास, म्हून सांगितलं.

दाना घे नायतर नको घेऊ. तुझं तू बघ. पर तू लिवलंस, आदराला आधार न्हाई. ते वाक्य माज्या डोक्यातनं जात न्हाई. पोरी, तू सांजचं का जेवत न्हाईस? देवासाटीच का? मला सांगू नगंस हवं तर. पर जिनं तुझ्यासाटी तांदूळ गोळा केलेत तिला जाऊन सांग. तोंडानं सांग. पत्रानं न्हाई.

गुडघा धरलाय, न्हाईतर मी आलेच असते.

तुझी आत्या

*

लोणावळे,
ता. २० एप्रिल १९२७

प्रिय आत्यास दीनाचा सप्रेम सलाम.

तुझे पत्र उत्तम शुक्रवारी सकाळी मिळाले. उपासनेला जाण्याआधी वाचले. वडिलांबद्दल तू जे लिहिलेस ते मला माहीत नव्हते. उर्सेला आले की भिमाजी आबांकडे जाईन.

शनिवारी दवाखाना सुटल्यावर मी धोंडाबाईकडे गेले. रेल्वेच्या चाळीमागे तिची एक खोली आहे. ती ओट्यावर सूप घेऊन बसली होती आणि समोर चादरीवर सगळ्या घरांचे तांदूळ होते. जाडे, बारीक, लाल, सगळे एकत्र. ती खडे काढत होती. मला पाहून तिने चादरीचे टोक घाईने तांदळावर ओढले.

"तू हितं कशाला आलीस? उद्या ये."

मी म्हणाले, "हे माझ्याकडे आणू नका."

"तुज्याकडं आननार असं कोन म्हनलं?"

"मला माहीत आहे."

"त्या रतनबाईच्या पोटात काय ऱ्हात न्हाई," असे म्हणून तिने चादर पुन्हा बाजूला केली. "बरं, कळलं तर कळलं. लाज कशाची? माजा मालक गेला तवा म्या बी घेतलेत ह्येच तांदूळ."

"मला पगार पुरतो. मी उपाशी नाही."

"मग गाडगं खोटं बोलतं का?"

"गाडगे खरे आहे. मी संध्याकाळी जेवत नाही."

तिचा हात थांबला. "उपास धरलास व्हय?" तिचा आवाज बदलला. त्यात तो आदर होता, ज्याबद्दल मी तुला लिहिले होते. मी हो म्हटले असते तर सगळे तेथेच संपले असते, आणि हो म्हणणे अगदीच खोटेही झाले नसते.

मी म्हणाले, "उपास म्हणून सुरू केला. पण संध्याकाळी एकटीने ताटावर बसणे मला जमत नाही. मिरजेला मेस होती, तेव्हा कळले नाही. येथे आल्यावर रोज भाकरी करत होते आणि ताट समोर ठेवून बसत होते. भिंतीपलीकडे लोक जेवत असत. मग उपवासकाळ आला आणि मला न जेवायला चांगले कारण मिळाले. मी देवाचे नाव त्याला लावले."

हे मी दवाखान्यात औषधाची मात्रा सांगते तशाच आवाजात सांगितले. दुसरा आवाज मला काढता आला नाही.

धोंडाबाईने सूप उचलून पाखडले. मग म्हणाली, "आन आता सांगतीस? सगळ्या मंडळीला म्या सांगून बसले, पोर उपाशी हाय, पोर उपाशी हाय. उद्या माजं हसं हुनार."

"मला आधी माहीत नव्हते."

"काय माहीत नव्हतं?"

"मी का जेवत नाही ते."

ती पुन्हा खडे काढू लागली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

ईस्टरच्या सकाळी प्रभुभोजन झाल्यावर पाळकसाहेबांनी सांगितले की या वर्षीची मूठ कुरवंड्याच्या लीलाबाईच्या घरी जाईल. तिचा नवरा रेल्वेच्या गँगमध्ये होता, दरडीखाली पाय सापडून घरी बसला आहे. मंडळीत कुजबूज झाली आणि काही जणांनी वळून माझ्याकडे पाहिले. धोंडाबाईने कोणाकडेच पाहिले नाही. मीही एक टोपली घेतली. डोक्यावर ओझे घेण्याची मला सवय नाही, त्यामुळे चढावर मी सगळ्यांच्या मागे राहिले. गाणे पुढून ऐकू येत होते.

लीलाबाई दारात उभी होती. मला वाटले होते ती मान खाली घालेल. तिने तसे केले नाही. मी शेवटची पोहोचले, तेव्हा तिने स्वतः पुढे होऊन माझ्या डोक्यावरची टोपली उतरवली आणि म्हणाली, "बाई, तुमची मान गेली आसंल. चुंबळ अशी बांधत्यात व्हय?" सगळ्या बायका हसल्या. या वेळी मी हसले, हे मला नक्की आठवते. नंतर तिने सगळ्यांना गुळाचे पाणी दिले. मी ते घेतले.

येतानाही धोंडाबाई माझ्याशी बोलली नाही. सोमवारी सुटी होती, कोणी आले नाही. उपवासकाळ संपला होता, तेव्हा न जेवण्याला आता कारण नव्हते. मी चूल पेटवली, पिठले आणि भाकरी केली. दोन घास खाल्ले आणि बाकीचे झाकून ठेवले. हे तुला कळावे म्हणून लिहिते. मी जे सांगितले त्याने काही बदलले, असे त्या संध्याकाळी मला वाटले नाही. दिवा लवकर मालवला.

काल, मंगळवारी, दिवेलागणीला दार वाजले. धोंडाबाई होती. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. "म्या तुजं खायला आले न्हाई. माजं म्या आनलंय," म्हणाली आणि आत येऊन चुलीजवळ बसली. मी तिला आजवर आत घेतलेच नव्हते. पाट पुढे केला तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, जमीन काय चावत न्हाई."

मी माझे ताट वाढले. तिने माझे पिठले भाकरीला लावून पाहिले. "ह्ये पिठलं हाय का दवाखान्यातलं औषध? मीठ कुटंय?"

मी म्हणाले, मीठ संपले आहे.

"शेजारी मागायचं."

मी उठले नाही. तिने परसाच्या दारातून मोठ्याने हाक मारली, "रशिदा, वाईच मीठ दे गं बाईला!" रशिदा वाटी घेऊन आली, दोघींना जेवताना पाहून दारातच उभी राहिली, आणि म्हणाली, "चला, सुटला एकदाचा तुमचा रोजा." तिला ते आधीपासून कळले होते, की आत्ता कळले, हे मी विचारले नाही.

रशिदा गेल्यावर आम्ही जेवलो. शेवटी धोंडाबाई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "गाडगी काय दिवसा बघता येत न्हाईत? मग म्या सांजचीच का हिंडते घरोघर? तुला काय वाटलं?"

ती गाडगेच तपासायला येते असे मला वाटले होते, तसे मी तुला मार्चमध्ये लिहिलेही होते. ते चुकीचे होते. तिच्याही खोलीत संध्याकाळी एकच ताट असते.

तिने आपले फडके झटकले, हात धुतले आणि वहाणा घातल्या. पुन्हा येईन असे म्हणाली नाही. मी दारापर्यंत गेले. ती पायरी उतरल्यावर मी विचारले, "उद्या याल का?" असे मी कोणाला विचारल्याचे मला आठवत नाही. शब्द साधे आहेत, पण तोंडातून निघायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती पायरीखाली उभी राहिली.

"बघू," ती म्हणाली. "गुडघं दुखत्यात माजं."

आत्या, तुला पाठवते त्या तेलाची एक बाटली मी आज बनवून ठेवणार आहे. ती आली तर देईन.

तुझी
दीना